एकशेविसावं पान

रोज एकशेवीस. एकशेएकोणीस चालत नसत, आणि एकशेपंचवीस केलेत म्हणून कुणी पाठ थोपटत नसे. तपासणी कक्षातल्या प्रत्येकानं संध्याकाळी पाचच्या आत इंटरनेटवरची एकशेवीस पानं बंद करायची, असा वरून आलेला हुकूम होता. एकशेवीसच का, ते विचारायची सोय नव्हती. वरच्या कुणाला तरी तो आकडा भारदस्त वाटला असेल, झालं.

ताईला तिथं लागून तीन वर्षं झाली होती. घरी ती ताई आणि ऑफिसातही ताईच, कारण अकरा जणांत वयानं तीच मोठी. त्याआधी बावीस वर्षं तिनं एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेली म्हणा ना. मग पेपर बंद पडला. नवरा आधीच गेलेला, वय अठ्ठेचाळीस, या वयाला नोकरी कोण देतो? सरकारी जाहिरात आली, वाचनाची सवय आणि बारीक नजर असलेली माणसं हवीत म्हणून. ताईला वाटलं, चला, काम तेच आहे, वाचायचं आणि खोडायचं.

सकाळी यंत्रच संशयित पानं पुढं टाकायचं. कुठं पडलेल्या पुलाचे फोटो, कुठं मंत्र्यावरचे विनोद, कुठं कॉलेजच्या मुलांची गरमागरम पत्रकं. पहिल्या वर्षी ही पानं संपता संपत नसत. मग लोक शहाणे झाले. ज्याला काही बोलायचं होतं तो यंत्राला सापडणार नाही अशा कोपऱ्यात जाऊन बोलू लागला. आता दुपारी तीनपर्यंत जेमतेम ऐंशी पानं मिळत, आणि त्यानंतर बसा शोधत! पण हुकूम म्हणजे हुकूम. उरलेली चाळीसेक पानं कुठून तरी आणायची. त्याला कक्षात सगळे 'भरताड' म्हणायचे.

भरताडाचीही एक रीत होती, आणि ती कुठल्या कागदावर लिहिलेली नव्हती. ज्याच्यामागं वकील नाही, कंपनी नाही, बोंब मारणारं कुणी नाही, असं पान बघायचं. पोपट पाळणाऱ्यांचा मेळावा. कुठल्याशा गायक-मंडळाचं तालमीचं वेळापत्रक. मेलेल्या माणसाचा तिकीटसंग्रह. ताईच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या चष्मेवाल्यानं तर एकदा वांगी कुंडीत कशी लावावीत हे सांगणारं पान 'सार्वजनिक शांततेस धोका' म्हणून बंद केलं होतं, आणि वर म्हणाला, "अहो ताई, वांग्यानं वात होतो. वात झाला की शांतता कसली?" सगळे पोट धरधरून हसले होते. ताईसुद्धा हसली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी देणं चाललं होतं, पण संन्यासी ओरडत नाही हीच तर सोय होती.

ताईचं आपलं एक तत्त्व होतं. भरताडात ती बातमी घ्यायची नाही, कविता घ्यायची नाही, विद्यार्थ्यांचं काही घ्यायची नाही. जुनाट, केविलवाणं, कुणी बघत नसेल असंच पान ती घ्यायची. आपण त्यातल्या त्यात सभ्यपणानं करतो, असं तिला मनापासून वाटायचं. माणसाला काय, झोप लागायला एवढंही पुरतं.

बाहेर लोकांनी आपापली वाट काढली होती. व्हीपीएन म्हणताना म्हाताऱ्यांची जीभ वळायची नाही, म्हणून त्याला सगळे 'मागचं दार' म्हणायचे. ते वापरणं गुन्हा होता आणि ते प्रत्येकाच्या फोनमध्ये होतं. केस कापता कापता न्हावी ते टाकून द्यायचा. शाळेतली मास्तरीण धडे छापून पिशवीतून आणायची, न जाणो उद्या उघडले नाहीत तर. ताईच्या इमारतीत लिफ्टमध्ये चार माणसं बोलत असली की ती आत शिरताच सगळी एकदम छताकडं बघायला लागायची. तिला कोणी वाईट म्हणत नसे. उलट फारच गोड वागत, आणि तेच तिला खुपायचं.

घरातही तेच. तिची धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. धाकटीचा नवरा थट्टेखोर. ताई आली की म्हणायचा, "आता हवामानावरसुद्धा बोलू नका रे. ताईंनी पाऊस बंद केला तर पंचाईत व्हायची." हसायचे सगळे. पण धाकटी हसता हसता फोन हळूच पालथा घालायची, ते ताईच्या नजरेतून सुटायचं नाही. लहानपणी एका पांघरुणात झोपून सगळं सांगणारी बहीण! ताईला राग यायचा आणि तो कुणावर काढायचा ते कळायचं नाही.

धाकटीला एकच मुलगी. तेरा वर्षांची, बोलघेवडी, मावशीची लाडकी. सहाव्या वर्षापासून तिला फिट यायच्या. बऱ्याच औषधांनंतर एक पांढरी गोळी तिला लागू पडली होती, त्याआधीच्या दुसऱ्या एका गोळीनं तर अंगभर चट्टे उठून पोर मरणाच्या दारातून परत आली होती. ही पांढरी गोळी सुरू झाल्यापासून चार वर्षांत एकही फिट नाही. पण वर्षभरापासून गोळी बाजारात मिळेनाशी झाली. औषधांची टंचाई नाही, असं सरकार रोज सांगत होतं, आणि दुकानदार रोज "स्टॉक नाही" म्हणत होते. तरी धाकटी दर महिन्याला कुठून तरी गोळ्या पैदा करायची. ताईनं एकदा विचारलं, "कुठून आणतेस गं?" धाकटी म्हणाली, "मिळतात." तिथंच विषय संपला.

आणि मग तो मंगळवार. पाचाला आठ मिनिटं होती आणि ताईचा आकडा एकशेएकोणीसवर अडला होता. चष्मेवाला पिशवी भरून उभा होता, "आटपा ताई, बस जाईल." तिनं घाईघाईनं शोधलं तर एक पिवळंधमक पान वर आलं. त्यावर काळी मोठी अक्षरं, ना फोटो ना जाहिरात, शंभर वर्षांपूर्वी कुणी बनवलेलं असावं असं. गावातल्या औषधांच्या दुकानांची नावं आणि पुढं कुठं कुठली गोळी शिल्लक आहे ते. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं होतं, ते तिच्या डोळ्यांना आधी दिसलं. टंचाई नाही तर ही यादी कशाला? म्हणजे अफवाच की. कारणांच्या रकान्यात 'अफवा' सर्वांत वर होतं, तेवढीच खाली शोधायची तसदी वाचली. तिनं ते दाबलं, यंत्र बंद केलं आणि बस पकडली. सगळं मिळून वीस सेकंदं लागली असतील. वाचली असती पूर्ण यादी तर? पण भरताड कोण वाचत बसतो!

त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी सकाळी अकराला मेहुण्यांचा फोन आला. आवाजात थट्टा नव्हती. "ताई, हॉस्पिटलला या. शाळेत जिन्यावरच फिट आली तिला."

ताई पोचली तेव्हा भाची कॉटवर होती. डोक्याला पट्टी, ओठ सुजलेला, पुढचे दोन दात गेलेले. एकामागून एक तीन फिट येऊन गेल्या होत्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फार थकलेल्या होत्या. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "इंजेक्शननं आज थांबवलंय. आमच्याकडं जी गोळी आहे ती हिला चालत नाही. उद्या दुपारपर्यंत तिची नेहमीची गोळी पोटात गेली पाहिजे. नाही गेली आणि पुन्हा सुरू झालं तर मी काहीच सांगू शकत नाही."

मेहुणे स्कूटर घेऊन दुकानं पालथी घालायला गेले. ताईनं धाकटीला बाहेरच्या बाकावर बसवलं. "गोळ्या संपल्या होत्या?"

"नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस! आणि मला सांगितलं नाहीस?"

धाकटीचा बांध फुटला. "काय सांगू तुला? एक पान होतं ताई. एक रिटायर्ड कंपाउंडर आहेत, आम्ही सगळे त्यांना आजोबा म्हणायचो, कधी बघितलं नाही त्यांना. दुकानदार त्यांच्या ओळखीचे, ते रोज सकाळी सगळ्यांना फोन करून यादी टाकायचे. सातच्या ठोक्याला! कितीतरी पोरं त्या यादीवर जगत होती गं. ते पान बंद केलं तुमच्या लोकांनी. मग मी मागच्या दारानं जायला लागले, आणि ते तुला कसं सांगणार? तू धर्मसंकटात पडली असतीस. दोन-तीन दिवस दिसत होती यादी. मग आजोबा घाबरले. त्यांनी स्वतःच सगळं पुसून टाकलं. माझं काही चुकलं असल्यास माफी असावी, एवढंच लिहिलंय आता तिथं."

"कसं होतं पान?" ताईनं विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक, उत्तर तिला माहीत होतं.

"पिवळं. त्यावर काळी अक्षरं."

ताई उठली. ती म्हणाली, "मी बघते," आणि धाकटीकडं न बघता निघाली.

ऑफिसात साहेब टेबलावर पेन्सिली तासत बसले होते. सगळं काम यंत्रावर, तरी त्यांना पेन्सिली तासलेल्या लागायच्या. ताईनं उभ्या उभ्या सांगितलं, "साहेब, माझ्याकडून एक पान चुकून बंद झालंय. ते उघडायचंय."

"मालकाचा अर्ज लागेल."

"मालकाला आपण कळवतच नाही, साहेब. तसा नियम आहे. अर्ज कुठून करील तो?"

"मग अर्ज आलेला नाही," साहेब म्हणाले. "ताई, तुमच्यासारख्या जाणत्या बाईनं असं बोलावं? आपल्या कक्षात चूक होत नाही. होत असती तर तिचा फॉर्म नसता का काढला?"

ते थट्टा करत नव्हते. ताईला त्या तासलेल्या पेन्सिली उचलून त्यांच्या अंगावर फेकाव्याशा वाटल्या. पण ती आपल्या टेबलापाशी गेली, आपली जुनी नोंद उघडली आणि पानाच्या मालकाचा पत्ता एका चिठोऱ्यावर उतरून घेतला. मालकांचे पत्ते असायचे कक्षाकडं. ते कशासाठी हवेत, असा प्रश्न तिला तीन वर्षांत कधी पडला नव्हता. पान गेलं तर जाऊ दे, माणूस तर आहे! आणि यादी त्याच्या डोक्यात असणारच.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार एका आजींनी उघडलं.

"काका आहेत का? ते औषधांच्या यादीचं..."

एवढं ऐकलं आणि आजींचा चेहरा पांढराफटक पडला. आत वळून त्या म्हणाल्या, "अहो, आले बघा."

म्हातारबुवा शर्टाची बटणं लावत बाहेर आले. किडकिडीत शरीरयष्टी, स्वच्छ दाढी केलेली. खोलीत टेबल होतं, त्यावर मेणकापड, आणि मेणकापडावर मधोमध एक चौकोन नव्यासारखा कोरा. तिथला कॉम्प्युटर त्यांनी भीतीनं आधीच हलवलेला दिसत होता.

"बसा, मॅडम. पाणी आण गं यांना."

"मला मॅडम म्हणू नका, काका. माझी भाची हॉस्पिटलात आहे. तुमच्या यादीवरून तिची आई गोळ्या आणायची. एका पत्त्यासाठी आलेय, फक्त एका दुकानाचा पत्ता द्या." ताईनं गोळीचं नाव सांगितलं.

काकांनी बसायला खुर्ची पुढं केली, पण स्वतः उभेच राहिले. "माझा पत्ता कुणी दिला तुम्हाला? पानावर तर तो कधीच नव्हता."

इथं ती खोटं बोलली असती तर काम झालं असतं. एखाद्या दुकानदाराचं नाव घ्यायचं होतं, पुरे होतं. पण त्या माणसाच्या तोंडाकडं बघून तिला खोटं बोलवेना. आयुष्यात एकदा तरी सरळ वागावं, असं वाटलं, आणि वाटलं तेही नेमकं त्याच दिवशी!

"मी तपासणी कक्षात आहे. तुमचं पान मीच बंद केलं. तुमचं काहीएक चुकलेलं नव्हतं, काका. आमचा आकडा भरत नव्हता म्हणून केलं. मला क्षमा करा. पण पोरीचा यात काय दोष?"

काकांनी हात जोडले. ताईला वाटलं होतं ते चिडतील, चार शिव्या देतील. तिला त्या शिव्या हव्याच होत्या. पण ते नुसते हात जोडून उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "कसली यादी, मॅडम? मी काही लिहीत नाही. मला काही माहीत नाही."

"काका, मी तुम्हाला अडकवायला आले नाही हो!"

"तुम्ही चांगल्याच आहात. मी कुठं काय म्हणतोय?"

"तेरा वर्षांची आहे. दोन दात पडलेत. उद्या दुपारपर्यंत गोळी नाही मिळाली तर..." ती रडायला लागली, परक्याच्या घरात, खुर्चीत बसून, हमसून हमसून.

म्हातारा कासावीस झाला. चाळीस वर्षं औषधं दिलेला माणूस तो, सवय थोडीच जाते? "दिवसाला किती घेते?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"सकाळी एक, संध्याकाळी दीड."

"वजन?"

"एक्केचाळीस किलो."

काकांनी डोळे मिटले. त्यांना माहीत होतं. कुठल्या दुकानात, कुठल्या फळीवर, तेसुद्धा माहीत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ओठ हलले.

"अहो," आजी म्हणाल्या. पाण्याचा पेला हातात घेऊन त्या दारातच उभ्या होत्या. "गोड बोलूनच नेतात. शेजारच्यांना कसं नेलं, विसरलात?"

काकांनी डोळे उघडले. "वयानं काही आठवत नाही, मॅडम," ते म्हणाले, आणि कपाटातून एक फाईल घेऊन आले. आत दोन कागद होते, सारखेच, सुंदर अक्षरात लिहिलेले. आपण खोटी माहिती पसरवली, त्याबद्दल बिनशर्त माफी मागतो, पुन्हा असं घडणार नाही. तारखेची जागा मोकळी ठेवलेली. "आठ दिवस झाले लिहून ठेवलंय. कुणी तरी येईल म्हणून वाट बघत होतो. तुम्ही आलात, बरं झालं, सुटलो एकदाचा. एक प्रत तुम्हाला. दुसरीवर पोच द्या, मॅडम."

ताईनं पुन्हा विनवलं. पाया पडायला वाकली, तर ते मागं सरकले. तिनं दुकानाचं नाव सांगू नका, नुसता रस्ता सांगा, म्हटलं. ते "पोच द्या, मॅडम" एवढंच म्हणत राहिले. शेवटी आजीच म्हणाल्या, "सही करा आणि जा ना हो बाई. त्यांचं बीपी वाढतंय." ताईनं सही केली. खाली तारीख घातली, वेळ घातली. तिचा माफीनामा कुणी मागितलाच नव्हता, त्यांचा मात्र ती पर्समध्ये घालून जिना उतरली.

परतीच्या वाटेवर तिनं सात दुकानं केली. सातही दुकानदार तिच्याकडं अनोळखी माणसाकडं बघावं तसे बघून "स्टॉक नाही" म्हणाले. त्यांतल्या दोघांनी तरी फळीकडं न बघताच सांगितलं. कंपाउंडर काकांच्या एका फोनवर जे बाहेर यायचं ते हिच्यासाठी कोण काढणार?

हॉस्पिटलात पोचली तेव्हा संध्याकाळची भेटीची वेळ सुरू झाली होती, माणसांची ये-जा चालली होती. धाकटी त्याच बाकावर होती. मेहुणे रिकाम्या हातानं एकदा येऊन पुन्हा गेले होते. भाची झोपेत होती, आणि झोपेत तिचा डावा हात मधूनच उडत होता.

"मिळाली?"

"नाही."

धाकटी सरकून जवळ आली, ताईचा हात हातात घेतला. कित्येक वर्षांत तिनं असा हात धरला नव्हता. "ताई, एक काम करशील? रागावू नकोस. तुमच्या ऑफिसात पत्ते असतात ना गं सगळ्यांचे? त्या आजोबांचा पत्ता काढ. तुझ्या नोकरीवर यायला नको, गुपचूप जमलं तर बघ. एकदा त्यांची गाठ पडली की झालं. ते नाही म्हणायचेच नाहीत. पोर आजारी आहे एवढं म्हण, नाव-गावसुद्धा विचारणार नाहीत बघ, उठून स्वतः दुकानापर्यंत येतील. असा देवमाणूस आहे."

ताईनं हात सोडवून घेतला नाही. "बघते," ती म्हणाली.

"आत्ताच जा ना गं. सकाळपर्यंत थांबायला नको."

ताई उठली. पर्स उचलली, व्हरांडा ओलांडला आणि जिन्याच्या वळणावर, खालून येणाऱ्यांना वाट राहील अशी अंग चोरून पायरीवर बसली. जायला आता कुठलंच दार उरलं नव्हतं, आणि लगेच परतही जाता येत नव्हतं. निदान तासभर तरी शोधल्यासारखं दिसायला हवं होतं.